बुलडोझर, बैल आणि एक फूट माती

बी. एस्सी.च्या पहिल्या वर्गात 'दाब' हे प्रकरण सुरू करताना फळ्यावर काही लिहिण्याआधी मी एक प्रश्न विचारतो. २० टनांचा बुलडोझर, ३ टनांची हत्तीण आणि ४०० किलोचा बैल हे तिघे एकाच शेतातून चालत गेले, तर जमिनीच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त दाब कोणाचा पडेल? उत्तर दरवर्षी ठरलेले. सारा वर्ग एका सुरात 'बुलडोझर' म्हणतो, आणि असला सोपा प्रश्न विचारल्याबद्दल मागच्या बाकावरून थोडी कुजबुजही होते.

आता हिशेब करू. वाचकांनीही कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. दाब म्हणजे वजन भागिले टेकलेले क्षेत्रफळ. बैलाचे एक खूर सुमारे ८० चौरस सें. मी. जागा व्यापते, चार खुरांचे ३२० चौरस सें. मी. होतात. ४०० किलोला ३२० ने भागले की दर चौरस सें. मी.ला सव्वा किलो दाब आला. हा झाला उभ्या बैलाचा. चालताना त्याचे दोनच पाय टेकलेले असले की हाच दाब दुप्पट होतो.

हत्तीचे गणित अधिक गमतीचे आहे. हत्तीच्या पुढच्या पायाचा घेर मोजून त्याची दुप्पट केली की त्याची खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ बरोबर निघते. म्हणजे अडीच मीटर उंच हत्तिणीच्या पायाचा घेर सव्वा मीटर असणार. यावरून एका पावलाचे क्षेत्रफळ सुमारे १२४० चौरस सें. मी. येते. चारी पावले सारखी धरली तर दाब ०.६ किलो, म्हणजे बैलाच्या निम्माच.

उरला बुलडोझर. त्याचे दोन साखळीपट्टे प्रत्येकी ५० सें. मी. रुंद असतात, आणि प्रत्येकाची सुमारे २७० सें. मी. लांबी जमिनीला टेकलेली असते. एकूण क्षेत्रफळ २७,००० चौरस सें. मी. २० हजार किलोला त्याने भागले की उत्तर येते ०.७४. म्हणजे वीस टनांचे ते धूड हत्तिणीपेक्षा थोडेच जास्त आणि बैलापेक्षा बरेच कमी दाबते. वर्गात क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी, बहुधा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा किंवा मुलगी, विचारते, "मग सर, बुलडोझर फिरलेल्या जमिनीत पीक का येत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला स्वतःला काही वर्षे लागली. तो प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही, आमच्या घरातूनच आलेला आहे. पण आधी या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ.

साखळीपट्टा निघाला तोच मुळी मऊ जमिनीसाठी. अमेरिकेतील मेन राज्यात आल्विन लोम्बार्ड या गृहस्थाने बर्फावरून ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला चाकांऐवजी पट्टे लावले आणि १९०१ साली त्याचे पेटंट मिळवले. देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, स्टॉकटन शहराजवळच्या दलदलीच्या शेतांत वाफेचे ट्रॅक्टर रुतत असत. तेथील बेंजामिन होल्टने चाके रुंद करण्याचा उपाय करून पाहिला. चाके वाढता वाढता एका यंत्राची एकूण रुंदी १४ मीटरच्या आसपास गेली! असले यंत्र वळवायचे कुठे आणि ठेवायचे कुठे? अखेर १९०४ च्या नोव्हेंबरात त्याने मागची चाके काढून लाकडी फळ्यांचा फिरता पट्टा बसवला, आणि ते यंत्र चिखलावरून सुरवंटासारखे सरपटत गेले. सुरवंटाचे इंग्रजी नावच पुढे त्याचे व्यापारी नाव झाले. 'कॅटरपिलर' कंपनी म्हणून आज आपण जी ओळखतो ती होल्ट आणि त्याचे प्रतिस्पर्धी बेस्ट यांच्या कंपन्या १९२५ साली एकत्र येऊन झाली. पुढे पाते लावून माती ढकलण्याची कल्पना त्याच सुमारास, १९२३ साली, कॅन्सस राज्यातल्या कमिंग्ज आणि मॅकलिऑड या जोडीने प्रत्यक्षात आणली. आपल्या राज्यात १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यातून बुलडोझर बाहेर पडू लागले.

लाकूडतोडीच्या जंगलातून निघालेला पट्टा आणि मातीकामातून निघालेले पाते, अशा दोन वस्तूंचा हा संसार आहे. दोघांचे गुणदोष वेगवेगळे आहेत, हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जिथे पाऊस कोसळतो आणि माती तांबडी आहे. भाताच्या खाचरांच्या वर तीन एकरांचा आमच्या मालकीचा उतार होता. करवंदी, घाणेरी, रानमोडी यांचे जंजाळ आणि मधूनमधून ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे. १९८८ साली बाबांनी तो साफ करून तिथे भुईमूग आणि नाचणी घ्यायचे ठरवले. झाडांची परवानगी रीतसर काढली. दोन म्हशी विकल्या आणि तासाच्या भाड्याने बुलडोझर ठरवला. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होतो, आणि घरात यंत्र येणार याचा मला कोण अभिमान!

यंत्र एप्रिलात यायचे होते. ठेकेदाराचे आधीचे काम लांबले आणि ते आले मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या दोन दणदणीत सरी पडून गेल्यावर. अडीच दिवसांत काम आटोपले. झाड कसे पाडतात ते मी तिथे उभा राहून पाहिले. चालक पाते शक्य तितके वर उचलून खोडाला लावी आणि रेटी. हा परिबलाचा साधा नियम आहे. बुंध्यापासून अर्ध्या मीटरवर रेटण्यापेक्षा दीड मीटरवर रेटले तर तेवढ्याच बलाचा परिणाम तिप्पट होतो. म्हणूनच आधी करवतीने झाड कापून मग बुंधा उपटणे अवघड जाते. खोड गेले की तरफच गेली. (वरून वाळलेली फांदी कोसळून चालकाचा जीव जाऊ नये म्हणून जंगलात काम करणाऱ्या यंत्रांच्या टपावर लोखंडी पिंजरा असतो. आमच्याकडे आलेल्या यंत्रावर नव्हता. चालक मुंडासे बांधून बसला होता.) झाड कलंडले की मुळांचा भलामोठा गड्डा मातीसकट वर येई, आणि मग पाते खाली टेकवून खोड, मुळे, झुडपे, माती असे सारे एकदम खालच्या बांधाकडे लोटले जाई.

संध्याकाळी बाबा त्या उतारावर उभे राहिले. म्हणाले, "आरशासारखी झाली जमीन."

त्या वर्षी भुईमूग वीतभरही वाढला नाही. पिवळा पडून बसला. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वरूनच तांबडे लोट होऊन वाहिले आणि खालच्या खाचरांत गाळ साचला. नाचणीचेही तेच. आणि बांधाला जो बुंध्यांचा ढीग लावला होता, त्यावर मात्र भोपळ्याचा वेल असा माजला की पानाखाली पान दिसेना. माठ आला, एरंड डोक्याच्या वर गेले. आई एके सकाळी भोपळे आणायला गेली आणि परत येऊन बाबांना म्हणाली, "पीक कुठलं येतंय? शेत बांधावर जाऊन बसलंय की!"

आईची शाळा चौथीपर्यंत झालेली. पुढे मी जे वाचले आणि मोजले त्यातले निम्मे तिने एका वाक्यात सांगून टाकले होते. ते आधी घेऊ.

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावरची केवळ १० सें. मी. जाडीची माती काढली तर ती १० घनमीटर भरते आणि तिचे वजन सुमारे १३ टन होते. एकराला सव्वापाचशे टन! पात्याच्या चालकाला चार बोटे खाली-वर याचे काहीच वाटत नाही. उंचसखल जमिनीवर ते होणारच. पण आपल्या तांबड्या मातीत झाडाचे अन्न, कुजलेला पाला आणि सूक्ष्म जीव जे काही असतात ते मुख्यत्वे याच वरच्या थरात. खालची माती रंगाने तशीच दिसते, म्हणून डोळा फसतो. आमच्या तीन एकरांवरून ८ सें. मी. थर गेला असे धरले तर साडेबाराशे टन माती बांधावर जाऊन बसली होती. बैलगाडीत टनभर माती मावते. बाबांनी आणि आम्ही भावांनी पुढचे सात उन्हाळे तो ढीग फोडून माती परत शेतात नेली. वर्षाला शंभर गाड्यांच्या पलीकडे कधी गेलो नाही. हिशेब कोणीही करावा.

आता उरलेले निम्मे, म्हणजे वर्गातला मूळ प्रश्न. दाब कमी असूनही जमीन का दडपली जाते?

याचे कारण असे की पृष्ठभागावरचा दाब ही अर्धीच हकीकत आहे. तो दाब खाली किती खोल पोहोचतो हे टेकलेल्या जागेच्या रुंदीवर अवलंबून असते. फ्रेंच गणिती बूसिनेस्क याने १८८५ साली याचे सूत्र मांडले. सूत्राच्या खोलात शिरत नाही, पण त्यातला विचार सोपा आहे. जमिनीत उतरणारा भार बाजूंना पसरत जातो. बैलाचे खूर लहान, त्यामुळे त्याचा भार लगेच पसरून विरळ होतो. एक फूट, म्हणजे ३० सें. मी. खोलीवर, खुराच्या दाबाचा सुमारे ४ टक्केच अंश उरतो : दर चौरस सें. मी.ला ०.०५ किलो. हत्तिणीच्या पावलाचा ४२ टक्के, म्हणजे ०.२५ किलो. आणि बुलडोझरचा अर्धा मीटर रुंद पट्टा? त्याचा तब्बल ७५ टक्के दाब एक फूट खाली शाबूत असतो : ०.५५ किलो, उभ्या बैलाच्या अकरापट. बैल वरची कातडी दुखावतो, बुलडोझर हाडापर्यंत पोहोचतो. बैलाने दडपलेली माती बैलाचाच नांगर पुढच्या हंगामात मोकळी करतो. एक फुटाखाली दडपलेल्या मातीपर्यंत आपला नांगर जातच नाही.

त्यातून ती माती ओली होती. लॉस एंजलिसचा अभियंता प्रॉक्टर याने १९३३ साली दाखवून दिले की कोरडी माती कितीही ठोकली तरी फारशी दबत नाही. फार ओलीही दबत नाही, कारण पाण्याला जायला जागा नसते. यांच्या मध्ये एक ओलावा असा असतो की माती जास्तीत जास्त घट्ट बसते. मातीचे धरण बांधताना हाच ओलावा साधण्यासाठी मुद्दाम पाणी मारून रोलर फिरवतात. वळवाच्या दोन सरींनंतर आमच्या उतारावर आपोआपच तो साधला गेला. धरणाच्या भिंतीला जे हवे तेच शेताला नको असते, आणि आम्ही तासाचे भाडे मोजून शेताची भिंत करून घेतली.

हे आमच्याच नशिबी आले असे मला बरीच वर्षे वाटत होते. नंतर अभ्यासात कळले की जगभर हेच घडले होते आणि मोजलेही गेले होते. पेरू देशात ॲमेझॉनच्या खोऱ्यात युरिमाग्वास येथे पेद्रो सांचेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारशेजारच्या जमिनी दोन रीतींनी साफ केल्या. काही ठिकाणी हाताने तोडून जागेवरच जाळले, काही ठिकाणी बुलडोझर लावला. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बुलडोझरच्या जमिनीत पीक सरासरीने एक तृतीयांशाच्या आसपासच राहिले. कारणे तीन : माती दडपली, वरचा थर गेला आणि राख मिळाली नाही. हे तिसरे कारण वाचताना मला आमच्या भागातला भाताच्या तरव्यासाठी भाजलेला राब आठवला. आपल्या डोंगरांतली जुनी कुमरी शेतीही त्याच राखेवर चाले. (कुमरी हा शब्द या अंकाच्या दोन्ही विभागांत सारखाच समजेल.) फिरत्या शेतीने जंगलाचे नुकसान झाले नाही असे मी म्हणणार नाही, पण ती शेती करणाऱ्यांना राखेची किंमत ठाऊक होती एवढे खरे.

दुसरा प्रयोग नायजेरियातील इबादान येथला. तो केला आपल्या पंजाबात शिकलेल्या रतन लाल या मृदाशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे २०२० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांनी एकाच प्रकारचे जंगल वेगवेगळ्या अवजारांनी साफ केले आणि पावसाने किती माती वाहून गेली ते मोजले. पारंपरिक पद्धतीत नुकसान नगण्य होते. धारदार पात्याने झाडे जमिनीलगत कापली आणि पुढे नांगरट केली नाही, तिथे हेक्टरी ३.८ टन माती गेली. झाडे रेटून मुळासकट उपटली, तिथे नांगरट न करताही १५ टनांवर. म्हणजे यंत्र तेच, साखळीपट्टा तोच; बदलले फक्त पुढे लावलेले अवजार, आणि नुकसान चौपट झाले.

माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. 'यंत्र वाईट' म्हणून हात झटकणे मला पटत नाही. ज्याने तीन एकर घाणेरी कुदळीने खणून काढली आहे त्याने ते म्हणावे, मी ऐकून घेईन. विचारायचे ते हे की पुढे कोणते अवजार आहे आणि जमीन किती ओली आहे. सपाट पात्याऐवजी मोठ्या दातांचा फण लावला तर मुळे आणि झुडपे ओढली जातात, माती दातांमधून खाली गळते. मात्र कोरडी असेल तरच. ओली चिकण माती दातांत भरून बसली की फणाचे पातेच होते.

याचे एक जुने आणि चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडचे वाचक ते ऐकून असतील. मध्य भारत, भोपाळ, विंध्य प्रदेश या भागांत लक्षावधी एकर काळी जमीन कांस गवताने गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल की बैलाच्या नांगराला दाद देत नसत. १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेले साखळीपट्ट्याचे ट्रॅक्टर तिने दुरुस्त करून कामाला लावले, आणि नव्या यंत्रांसाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. तिथे पाते नव्हते, खोल नांगर होता. आणि काम चाले उन्हाळ्यात, जमीन दगडासारखी कोरडी असताना. ढेकळांबरोबर उलटलेली मुळे उन्हात करपून जात आणि माती जागच्या जागी राही. वजनाने ते ट्रॅक्टर आमच्याकडे आलेल्या यंत्राचेच भाऊबंद.

स्वीडन, फिनलंडकडे आज लाकूडतोड करणारे यंत्र एकाच माणसाच्या हाती असते. ते झाड धरते, कापते, सोलते आणि मापाचे तुकडे पाडते. पण मला त्याची एक साधी सवय जास्त आवडली. तोडलेल्या फांद्या आणि डहाळ्या चालक आपल्याच यंत्राच्या वाटेवर पसरत जातो आणि त्या गादीवरून यंत्र पुढे नेतो. मऊ जागी काम हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना काढले जाते. आपल्याकडे जमीन गोठत नाही, पण फेब्रुवारी-मार्च येतो. फांद्या तर आपल्याकडेही असतात. आपण त्या आधी पेटवून देतो.

यंदा दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, वरच्या अंगाचा उरलेला तुकडाही साफ करून काजू लावू या. पोकलेनवाला पुढच्या आठवड्यात मोकळा आहे." परतीचा पाऊस नुकताच थांबला होता. मी त्याला घेऊन १९८८ च्या उतारावर गेलो. जाताना गोठ्यातली १० मि. मी. जाडीची लोखंडी सळई घेतली. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग आपापल्या शेतात जरूर करावा. पावसानंतर माती ओलसर असताना सळई सरळ धरायची आणि दोन्ही हातांनी सावकाश दाबायची.

उतारावर पाच ठिकाणी दाबून पाहिली. चार ठिकाणी ती साधारण एका फुटावर जाऊन अडली. खाली दगड असेल म्हणून पुतण्याने एका जागी खणून पाहिले. दगड नव्हता, मातीच होती, पाटीसारखी. इतक्या वर्षांच्या पावसाने आणि नांगरटीने तिचे काही वाकडे झाले नव्हते. मग आम्ही कोपऱ्यातल्या जांभळाखाली गेलो. ते झाड मधमाश्यांच्या पोळ्यामुळे तेव्हा वाचले होते आणि यंत्र तिकडे फिरकलेच नव्हते. पुतण्याने सळई टेकवली आणि जोर लावला. ती मुठीपर्यंत आत गेली, आणि तो तोल जाऊन गुडघ्यांवर आला.

उठून त्याने हात झटकले, खिशातून फोन काढला आणि पोकलेनवाल्याला विचारले, "मार्चमध्ये कधी येशील? आणि दातेरी फण आहे काय रे तुझ्याकडं?"